फार नीट लिहिलेला अभिप्राय

रिक्षा निर्मळच्या अलीकडे आली तेव्हा सरोजिनीबाई पुढे वाकल्या आणि रिक्षावाल्याला ऐकू जाईल एवढाच आवाज चढवून म्हणाल्या, "भाऊ, पुढे पेट्रोल पंप लागेल तिथं जरा थांबाल का? विनंती आहे हं, हुकूम नव्हे." रिक्षावाला आरशात बघून हसला. "अहो मावशी, हुकूम करा की बिनधास्त," म्हणाला आणि त्याने पंपापाशी रिक्षा आत घेतली. सरोजिनीबाई पर्स सुनेच्या, संपदाच्या, मांडीवर ठेवून उतरल्या आणि निऱ्या सावरत मागच्या बाजूच्या स्वच्छतागृहाकडे गेल्या. घाई होती, पण ती दिसू नये म्हणून पावलं मुद्दाम सावकाश टाकत होत्या. संपदाच्या दंडावर डोकं टाकून तिची लेक अनुष्का झोपली होती. पापडी गावात सासूच्या बहिणीकडे, म्हणजे मावशीकडे, बारशाला खाल्लेल्या बर्फीचा गोड वास तिच्या तोंडाला येत होता. रिक्षावाला मोबाइल काढून काहीतरी बघू लागला. संपदा मात्र मांडीवरची पर्स तशीच धरून सासूचं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहत होती.

विनंती आहे, हुकूम नव्हे. हे वाक्य तिने आधी वाचलं होतं. ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण सासूच्या तोंडून ते आजवर कधी कानावर आलं नव्हतं, कारण घरात सरोजिनीबाईंना कोणाला विनंती करायची वेळ येत नसे आणि हुकूम करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. घराबाहेरच्या सरोजिनीबाई, म्हणजे तीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून पालकांना, शिपायांना, शिक्षणाधिकाऱ्यांच्या माणसांना या वाक्याने कामाला लावणाऱ्या सरोजिनीबाई, तिने पाहिल्याच नव्हत्या. तिने फक्त ते वाक्य पाहिलं होतं, काही आठवड्यांपूर्वी, आपल्या कामाच्या पडद्यावर. त्यावर ती हसली होती, आणि हसून झाल्यावर ते पुसून टाकलं होतं.

सरोजिनीबाई परत आल्या. पदराने हात पुसत आत बसल्या. चेहरा सैल झाला होता. "चला," रिक्षावाल्याला म्हणाल्या, "आभारी आहे." मग संपदाकडे वळून, "काय गं, गप्प का?"

"डोकं दुखतंय जरा."

"उन्हाचं. घरी गेलीस की पड थोडी." आणि त्यांनी पर्स उचलून आपल्या मांडीवर घेतली. रिक्षा नंदाखालच्या दिशेने निघाली. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच एखादा पांढरा क्रूस, एखाद्या बंगल्याचं नवं लोखंडी फाटक. संपदा बाहेर बघत राहिली. हाच रस्ता. याच रस्त्याने तीही गाडी आली असणार.

विरार पश्चिमेच्या त्यांच्या फ्लॅटमधली आतली खोली ही संपदाची कचेरी. प्रवासी गाड्यांचं एक अ‍ॅप होतं, आणि त्या अ‍ॅपबद्दल लोक जे अभिप्राय लिहीत, त्यातले खोटे शोधून काढायचं काम दुसऱ्याच एका कंपनीने घेतलेलं होतं. संपदा त्या दुसऱ्या कंपनीत. कुठल्या अ‍ॅपचं काम करतो हे घरातसुद्धा सांगायचं नाही अशी अट होती, आणि संपदाने ती अट जरा जास्तच आनंदाने पाळली होती. सरोजिनीबाईंना एवढंच माहीत होतं की सून कॉम्प्युटरवर काहीतरी तपासते. आणि संपदा खरोखरच चांगलं तपासायची. भाड्याने लिहून घेतलेली स्तुती तिला पहिल्या ओळीत कळे. पाच तारे, चालक अतिशय नम्र, गाडी अतिशय स्वच्छ, सगळ्यांना शिफारस करेन. प्रतिस्पर्ध्यांनी पेरलेली निंदा त्याहून लवकर कळे. खरा माणूस वाकडं लिहितो, असं ती नव्या मुलांना शिकवायची. एसी बोंबला, ड्रायव्हर फोनवर, पुन्हा कधी नाही. चिडलेला माणूस शुद्धलेखन बघत नाही, हे तिचं वाक्य टीममध्ये सगळ्यांना पाठ होतं. जो अभिप्राय फार नीट आहे, तो कोणीतरी बसून रचलेला आहे.

हा कान तिला वडिलांकडून आला होता, असं ती अभिमानाने सांगायची. गंगाराम फलटणकडच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर दूध तपासायचे. लॅक्टोमीटर बुडवण्याआधी ते कॅन घेऊन येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. पाणी घातलेलं असलं की त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "काय पावणं, हापसा घराजवळच हाय जनू," म्हणायचे आणि रांगेतले सगळे हसायचे. लहानपणी संपदा तिथे पायरीवर बसून या हसण्याची वाट बघायची. ज्या दिवशी कोणीच सापडत नसे, त्या दिवशी वडील घरी येऊन अर्धीच भाकरी खायचे, आमटीला चव नाही म्हणायचे. आईला ते कधी समजलं नाही. संपदाला आता, धावत्या रिक्षात, समजलं. खोटं सापडावं अशी त्यांना भूक होती. दूध चांगलं निघालं तर ती भूक तशीच राहायची.

विनंतीचं ते वाक्य ज्यात होतं, तो अभिप्राय तिला जवळजवळ पाठ होता. "महोदय, मी एक सुशिक्षित ज्येष्ठ महिला आहे. सदर प्रवासात मी चालकास गाडी थांबविण्याबाबत वारंवार विनंती केली. ती विनंती होती, हुकूम नव्हे. चालकाने गाडी थांबविली नाही. त्यामुळे जो प्रसंग ओढवला तो येथे लिहिणे शक्य नाही. त्यानंतर चालकाने माझ्याशी जे शब्द वापरले ते त्यांनी आपल्या मातोश्रींशी वापरले असते काय, एवढेच विचारावेसे वाटते. गाडी स्वच्छ करून देण्यास मी तयार होते. तरीही मला रस्त्यात उतरविण्यात आले. कळावे."

नवं कोरं खातं, आधीचा एकही अभिप्राय नाही. तिने काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर, शब्द न् शब्द तोच, दुसऱ्या खात्यावरून आला. ते खातं दोन वर्षं निपचित पडलेलं होतं. अशा खात्यांना टीममध्ये झोपलेली खाती म्हणत. ती विकत मिळतात आणि खोट्या अभिप्रायांसाठी जागी केली जातात. तिने तेही काढलं. मग तिसऱ्या खात्यावरून, पुन्हा तेच. तीन खाती, एक मजकूर. याहून स्वच्छ पुरावा नसतो. खात्यांची नावं तिच्या पडद्यावर दिसत नाहीत, नंबर दिसत नाहीत, फक्त एक-एक अक्षर दिसतं. आणि त्या दुसऱ्या खात्याचं अक्षर होतं श्री.

श्रीरंग. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा टॅब शोकेसच्या खालच्या कप्प्यात असायचा, त्यावर ते भजनं ऐकत. मधे एके दिवशी तो टॅब डायनिंग टेबलापाशी चार्जिंगला लावलेला दिसला होता आणि संपदाला वाटलं होतं, अनुष्काने कार्टूनसाठी काढला असेल. म्हणजे पहिला अभिप्राय नाहीसा झालेला पाहून आई बाबांच्या खात्यात शिरल्या होत्या. बाईचं ऐकत नसतील तर निदान पुरुषाच्या नावाने, असं वाटलं असेल? की नुसतंच, हे एकटीने सांगवत नाही, बरोबर कोणीतरी असावं? आणि तिसरा पापडीला मावशीच्या फोनवरून. मावशीने विचारलंही नसेल काय लिहितेस म्हणून. त्या दोघी बहिणी एकमेकींशी घरच्या बोलीत बोलत, भराभर, संपदाला निम्मं कळत नसे. पण हे त्या बोलीत नव्हतं. हे लिहिताना सरोजिनीबाईंनी शाळेच्या कचेरीतली भाषा घडीतून काढून नेसली होती.

आणि ती हसली होती. एवढंच करून थांबली नव्हती. टीमच्या ग्रुपवर तिने तो मजकूर टाकला होता, वर लिहिलं होतं, "हे कोण लिहितं यार? तालुका कचेरी?" मग चष्मा लावलेल्या, अंबाडा घातलेल्या एका म्हातारीचं चित्र शोधून त्याखाली 'कळावे' असं लिहून तिनेच त्याचं स्टिकर केलं होतं. ते इतकं चाललं की काम संपवून निघताना सगळे 'कळावे' म्हणू लागले. तिच्या जिभेवरही तो शब्द बसला. एकदा नवऱ्याशी, सुमेधशी, फोनवर बोलून ठेवताना ती म्हणाली होती, "बरं चल, कळावे." सरोजिनीबाई तेव्हा शेजारी अनुष्काची वेणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली होती आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "अगंबाई, हल्ली कोण म्हणतं कळावे? आम्ही पत्राच्या शेवटी लिहायचो." त्यांना आवडलं होतं. सुनेला जुना शब्द सुचला म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. रिक्षा अगाशीच्या तळ्यापाशी आली तेव्हा संपदाला तो उजळलेला चेहरा दिसला आणि तिने डोळे मिटले. डोकं खरंच दुखू लागलं होतं.

घरी पोचल्यावर ती पडून राहिली. पण पडल्यावर तो दिवस जास्तच स्पष्ट दिसायला लागला. दुपार होती. ती खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. दार अर्धं उघडं. सरोजिनीबाई पापडीहून आल्या होत्या. साडी गुडघ्याखाली चिंब, आणि वरचा भागही ओला, म्हणजे कुठेतरी नळावर धुतलेली. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "टँकरवाल्याने पाणी उडवलं गं अंगावर." त्यांना आणखी काही बोलायचं होतं का? त्या दारातून लगेच हलल्या नव्हत्या, हे आता आठवत होतं. संपदाने पडद्यावरची नजर न काढता पंजा वर केला होता. थांबा. त्या थांबल्या, मग गेल्या. बाथरूममधून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला की तुमच्या दोरीवरून आमच्या कपड्यांवर पाणी ठिबकतंय. संपदा चिडून बाहेर आली. "आई, एकच साडी किती वेळा धुताय? पिळून तरी टाकायची." सरोजिनीबाईंनी दोरीवरून साडी उतरवली, पुन्हा बाथरूममध्ये नेली.

गाडीत लघवी झाली होती आईंना. संपदाने हे वाक्य मनात पूर्ण उच्चारलं, कारण इतका वेळ ती त्याच्या कडेकडेने फिरत होती. त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, त्याने थांबवली नाही, त्याला पुढचं भाडं घ्यायचं असेल. आणि मग त्याने त्यांना काय काय म्हटलं असेल. आणि मग उतरवून दिलं असेल, बागांच्या मधे कुठेतरी. त्या तशाच चालत कोणाच्या तरी नळापर्यंत गेल्या असतील. त्यानंतर त्यांनी चारचा चहा सोडला. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पिणं बंद. गाडीत बसायला नकार. आजही बारशाला जाताना गाडी मागवते म्हटल्यावर, "नको, रिक्षात वारा लागतो." संपदाने बाल्कनीत जाऊन सुमेधला फोन केला होता, "तुझ्या आईची हल्ली नाटकं वाढलीयेत." एकेक गोष्ट तिला दिसली होती. खोटं शोधणाऱ्या तिच्या डोळ्यांना सगळं दिसलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिने त्यावर नाटक, कटकट, म्हातारपण असा शिक्का मारून ते बाजूला केलं होतं.

सोमवारी सकाळी तिने टीमप्रमुख संकेतला फोन लावला. संकेत तिच्याहून लहान, पण हुशार, चर्चगेटकडचा.

"संकेत, ते 'कळावे' वालं आहे ना, ते परत उघडता येईल?"

"आपल्या आजीबाई?" तो हसायलाच लागला. "का गं, काय झालं?"

"मला वाटतं ते जेन्युइन आहे."

"तीन अकाउंट, सेम टेक्स्ट. तूच काढलंस ना?"

"हो. पण पहिलं काढलं म्हणून तर दुसरं टाकलं असेल ना. माणूस आणखी काय करणार? दुसऱ्या कोणाच्या फोनवरून टाकणार."

"हं. पण आत्ता एकदम कसं सुचलं?"

या क्षणी सांगता आलं असतं. ती माझी सासू आहे. एवढं एक वाक्य. पण ते सांगितलं की संकेत हसायचा थांबणार होता, ग्रुपवरचं स्टिकर गुपचूप नाहीसं होणार होतं, आणि तिच्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज मऊ होणार होता. "भाषेवरून," ती म्हणाली.

"भाषेवरूनच तर तू फेक म्हणालीस! बरं, ठीक आहे, सेफ्टीवाल्यांकडे पाठवतो. ते त्या बाईंना कॉल करतील दोन-चार दिवसांत. त्या हो म्हणाल्या तर परत चढेल, ड्रायव्हरलाही विचारतील. नाही म्हणाल्या तर क्लोज. ओके? चल, कळावे."

"कळावे," संपदा म्हणाली. तोंडातून गेलं. फोन ठेवल्यावर ती स्वतःच्या ओठांकडे बोट नेऊन बसली, भाजल्यासारखी.

पुढचे दिवस ती घरात पाहुण्यासारखी वागत होती. सासूच्या हातातला झाडू घेतला, चारला दोन कप चहा केला, एक ओट्यावर निवून गेला. फोन येणार आहे हे सांगावं, असं रोज मनात येई. पण सांगायचं तर मला कसं माहीत हे सांगावं लागणार. त्यापेक्षा परस्पर फोन येईल, आई बोलतील, अभिप्राय परत चढेल, सगळं ठीक होईल आणि आपला चेहरा त्यात कुठे दिसणारच नाही. हा विचार तिला दिलासा देत होता, आणि दिलासा वाटतोय हे लक्षात आलं की ती उठून उगीच कपाट आवरायला लागे. सरोजिनीबाई एकदा म्हणाल्याच, "काय गं, बरं वाटत नाही का तुला? ऑफिसात काही झालंय?" काळजीने विचारलं. संपदाला तो प्रश्न कानाखाली बसल्यासारखा लागला.

गुरुवारी दुपारी अनुष्का शाळेत होती. संपदा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली होती. सरोजिनीबाई टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. बोटाने दाबलं की सालातून दाणा सुळकन बाहेर येई आणि पातेल्यात पडे. संपदाही समोर बसून सोलू लागली. फोन वाजला. सरोजिनीबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या नेहमी स्पीकर लावत. ओल्या करंगळीने त्यांनी तो लावला.

"नमस्कार, सरोजिनी मॅडम बोलताय का? मी सेफ्टी टीममधून तेजस्वी बोलतेय." तरुण, गोड आवाज. मग अ‍ॅपचं नाव.

"हो, बोला."

"मॅडम, तुम्ही आमच्याबद्दल एक अभिप्राय लिहिला होता. चालकाने गाडी थांबवली नाही, त्यानंतर तुमच्याशी गैरवर्तन झालं, असं. त्याबद्दल थोडं विचारायचं होतं. नक्की काय झालं होतं, मॅडम?"

सरोजिनीबाईंची बोटं थांबली. त्यांनी संपदाकडे पाहिलं, पण डोळ्यांकडे नाही, तिच्या हातांकडे. मग फोनकडे. "नाही," त्या म्हणाल्या. "मी असं काही लिहिलेलं नाही."

"मॅडम, तुमच्याच नंबरवरून—"

"नातीने काही दाबलं असेल. लहान आहे. तुम्हाला तसदी पडली, माफ करा."

"ओके मॅडम, काही हरकत नाही. मग मी हे क्लोज करते. आपला दिवस शुभ जावो."

फोनचा उजेड मालवला. सरोजिनीबाईंनी पुढचा वाल उचलला, दाबला, दाणा पातेल्याच्या बाहेर जाऊन पडला. त्या तो शोधत राहिल्या. संपदाला कळलं की आता हे संपलं आहे. लिहिणाऱ्या बाईनेच खोटं आहे म्हणून सांगितलं, आता त्याला कोणी हात लावणार नाही. तिचा निर्णय बरोबर ठरला होता. सुट्टी संपत आली होती. उठून खोलीत जायचं, बस्स. आईंनाही तेच हवं होतं, त्या दाण्याच्या शोधात खाली घातलेली मान तेच सांगत होती. तिने खुर्ची मागे सरकवली. आणि उभी राहायच्या ऐवजी म्हणाली, "आई, ते तुम्हीच लिहिलंय. मला माहीत आहे."

सरोजिनीबाईंना तो दाणा सापडला, त्यांनी तो पातेल्यात टाकला. मग पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "सुमेधला माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ते काढून टाकणारी मीच. माझं काम तेच आहे, आई. लोक खोटं खोटं लिहितात, ते शोधायचं आणि काढायचं. तुमचं मी काढलं. तिन्ही वेळा मीच."

सरोजिनीबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. जणू तिथून इथवरचं अंतर मोजत होत्या. "तिथं बसून?"

"हो."

"मी इथं बसून लिहिलं," त्या म्हणाल्या. "या खुर्चीत. आधी कागदावर काढलं, खाडाखोड केली, मग फोनवर." त्यांनी एक साल उचलून दुसऱ्या सालावर ठेवलं. "खोटं का वाटलं तुला?"

या प्रश्नाचं उत्तर संपदा नव्या मुलांना रोज द्यायची. उदाहरणांसकट, मुद्देसूद. आता ते एकेका शब्दाने बाहेर आलं. "फार नीट लिहिलं होतं तुम्ही. चिडलेली माणसं एवढं नीट लिहीत नाहीत."

"मी चिडले नव्हते गं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मला लाज वाटत होती."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"हसलात का तुम्ही लोक?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं दयेचं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या आता हातांकडे नाही, डोळ्यांकडे बघत होत्या. "हो," संपदा म्हणाली. "आधी मी. मग सगळे."

सरोजिनीबाईंनी मान हलवली, एखादी तारीख जुळावी तशी. "ऐकलं होतं मी तुझं हसणं. बाहेर ऐकू येतं. म्हटलं, बरं झालं, सारखी त्या मशीनपुढे बसलेली असते, हसतेय तरी."

रडायचा हक्क आपला नाही, एवढं संपदाला कळत होतं. स्टिकरचं तिने सांगितलं नाही. ते सांगून फक्त तिलाच हलकं वाटलं असतं. "त्यांचा नंबर आहे तुमच्या फोनवर," ती म्हणाली. "आजच्या आज परत फोन केला तर त्या उघडतील. माझ्यासाठी नका करू. नाही केलात तरी चालेल."

सरोजिनीबाई उठल्या, सिंकवर हात धुतले, नॅपकिनने एकेक बोट पुसलं. परत येऊन खुर्चीत ताठ बसल्या. "लाव तो फोन. मला ते नंबर शोधायला जमत नाही."

"मी बोलू का आधी?"

"तू कशाला? माझं मी सांगेन." मग थांबून, "पण तू नको इथं."

"मी आत जाते."

"आत नको. आतलं बाहेर येतं तसं बाहेरचं आत जात असणार. खाली जाऊन ये."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. लॅचचा आवाज झाला. खाली मात्र ती गेली नाही. लिफ्ट बंद होती म्हणून, की पाय उचलत नव्हते म्हणून. पण दारापाशी थांबणंही तिला नको वाटलं, म्हणून ती अर्धा जिना उतरून वळणावर गेली आणि तिथल्या पायरीवर बसली. तिथून शब्द ऐकू येत नव्हते. एक आवाज मात्र येत होता, सपाट, न थांबणारा, मधेच अडखळून पुन्हा सुरू होणारा. त्यात महोदय नव्हतं, सदर नव्हतं, एवढं त्याच्या चालीवरून कळत होतं. वाकडातिकडा आवाज होता तो. पुढे आठवड्याभराने तो अभिप्राय पुन्हा दिसू लागला, शेकडो अभिप्रायांच्या मधे, आणि त्या चालकाला काही काळासाठी कामावरून थांबवलंय असं तेजस्वीने फोन करून कळवलं. सरोजिनीबाईंनी ते ऐकून फक्त "बरं" म्हटलं. संपदाने टीममध्ये सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं, आणि संकेतचा आवाज खरोखरच मऊ झाला, आणि तो तिला सहन होईना. घरात मात्र दोघींनी त्यावर पुन्हा शब्द काढला नाही. सरोजिनीबाई तिच्याशी पूर्वीसारख्याच बोलत, फक्त आतल्या खोलीच्या दाराशी येताना आता आधी टकटक करत. ती टकटक संपदाला रोज ऐकावी लागे. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ती पायरीवर बसली होती आणि वरचा आवाज संपत नव्हता. तिला वाटत होतं, तो लवकर संपावा, आणि वाटत होतं, संपू नये, आईंनी काही म्हणजे काही आत ठेवू नये.

खालून पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे मार्सेल अंकल भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत चढत होते. तिला पायरीवर बसलेली पाहून थांबले.

"किल्ली राहिली काय गो आत?"

"नाही अंकल," संपदा म्हणाली. "आई बोलताहेत आत."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती बाजूला सरकली. पिशवी भिंतीला घासू नये म्हणून पोटाशी धरून ते तिच्या जवळून वर गेले, आणि दारासमोरून जाताना त्यांनी चपलांचा आवाज होऊ दिला नाही.